वाचकांचे प्रश्न : नोटांचा संग्रह जपताना

प्रश्न : माझ्याकडे सहाव्या जॉर्जच्या आणि अशोकस्तंभाच्या जुन्या नोटा आहेत. अल्बमचे कप्पे तेलकट झालेत, उघडला की उग्र वास येतो. दोन नोटा तर आत चिकटल्यात. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कप्पे पीव्हीसीचे असणार. हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू पाझरतं आणि शाई उचलतं. प्लास्टिक जुनं होताना सुटणारं आम्ल कागद ठिसूळ करतं. कोकणातल्या उकाड्यात हे लवकर होतं. खात्री हवी असेल तर रिकाम्या कप्प्याचा कोपरा कापा. तांब्याची तार पकडीत धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल करा, त्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी समजा. धूर घातक असतो, त्यामुळे हे अंगणातच करा.

नोट ओढून काढू नका. कप्प्याच्या चिकटवलेल्या कडा कापून तो वहीसारखा उघडा. नोट टेबलावर सपाट राहू द्या आणि प्लास्टिक कोपऱ्यापासून मागे दुमडत सोला. शाई प्लास्टिकवर येताना दिसली की थांबा, दुसऱ्या कोपऱ्याकडून प्रयत्न करा. सुटलेली नोट आठवडाभर आम्लविरहित कोऱ्या कागदांत, वर जाड पुस्तक ठेवून दाबा. कागद दोन दिवसांनी बदला. वर्तमानपत्राचा कागद मुळीच वापरू नका, तो स्वतःच आम्लधर्मी असतो. मग पॉलिएस्टरच्या कप्प्यात ठेवा. ‘मायलर’ म्हणून मिळतात ते हेच. महाग पडतात, पण इथे काटकसर करू नये.

अल्बम बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवा. 65 च्या वर गेली की बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, घाला. उघड्या कपाटात त्याचा काही उपयोग नाही, ते खोलीतलीच दमट हवा शोषत बसतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या मात्र टाळा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात.

प्रश्न : जुन्या बंडलातल्या कोऱ्या नोटांत गंजलेल्या पिना आहेत. धुऊन डाग जातील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : धुऊ नका. पाण्याने गंज पसरतो आणि कोऱ्या नोटेचा करकरीतपणा कायमचा जातो. इस्त्री, खोडरबर, सेलोटेप हेही नको. पिनेचे मागचे दोन्ही पाय बोथट पात्याने सरळ उभे करा, मग पुढून पीन उचला. भोक तसंच राहू द्या. 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना नोटांच्या पाकिटांना पिना मारणं बंद करायला सांगितलं. त्याआधीच्या नोटांवर ही भोकं असायचीच आणि जाणकार ग्राहक ती समजून घेतो. बुजवलेलं भोक मात्र उजेडासमोर धरताच दिसतं आणि त्याने किंमत जास्त उतरते.

प्रश्न : नोटबंदीतल्या 500 आणि 1000 च्या नोटा संग्रहात ठेवता येतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : येतात. 2017 च्या कायद्याने कुणालाही एकूण 10, तर अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी (नाणी-नोटांच्या अभ्यासासाठी) 25 नोटांपर्यंत ठेवायची मुभा आहे. जास्त सापडल्यास 10,000 रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांत जे अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो.