आरपीएम फाईल उबुंटूवर कशी टाकायची? डेबमध्ये कन्व्हर्ट होते का?

होते. आरपीएम म्हणजे फेडोरासारख्या लिनक्सची इन्स्टॉल करायची फाईल, डेब म्हणजे उबुंटूची, आणि एकीची दुसरी करायला एलियन नावाचं टूल आहे. सुडो ॲप्ट इन्स्टॉल एलियन करा, मग सुडो एलियन आणि पुढे फाईलचं नाव, बाय डिफॉल्ट डेबच बनते. व्हर्जनच्या शेवटचा रिलीज नंबर एकने वाढलेला दिसेल, घाबरू नका, तसाच ठेवायचा असेल तर मायनस के लावा.

पण आधी बघा की कंपनीने डेब दिलीच नाहीये ना, किंवा फ्लॅटपॅक, ॲपइमेज वगैरे (कुठल्याही लिनक्सवर चालणारे पॅकेजचे प्रकार) आहे का, कारण बऱ्याचदा असतं आणि लोक उगाच एलियनच्या मागे लागतात.

खरी गोची डिपेंडन्सीची, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या इतर पॅकेजची. एलियन आतल्या फाईल्स काढून नव्या डब्यात भरतं, पण फेडोरात पॅकेजची नावं वेगळी, उबुंटूत वेगळी, त्यामुळे मूळ आरपीएममधली डिपेंडन्सीची यादी काही तशीच्या तशी येत नाही, आणि लायब्ररी तिकडे यूएसआर लिब६४ मध्ये असतात, इकडे भलतीकडेच, म्हणून इन्स्टॉल नीट होतं आणि प्रोग्रॅम मात्र उघडतच नाही. तेव्हा एलडीडी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवून काय नॉट फाउंड येतंय ते बघा आणि तेवढं ॲप्टने टाका. इन्स्टॉल स्क्रिप्ट पण हव्या असतील तर मायनस मायनस स्क्रिप्ट्स द्या, पण आधी उघडून वाचा, त्या रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या पूर्ण अधिकाराने चालतात.

फॉन्ट, प्रिंटर ड्रायव्हर, एखादं सुटं ॲप ठीक आहे. जीलिबसी किंवा सिस्टमडीसारखं, म्हणजे सगळी सिस्टम ज्यावर उभी आहे असं काही असेल तर प्लीज हात लावू नका, मशीन बूटच व्हायची नाही.