मुठ्यांची वाढ नांगीवरून नको, पाठीच्या रुंदीवरून मोजा

प्रश्न : भातखाचरातले मुठे (गोड्या पाण्यातले खेकडे) टाकीत सोडलेत. काहींच्या नांग्या चांगल्या मोठ्या झाल्या, पण वजन त्या मानाने भरत नाही. वाढ ओळखायची कशी आणि विक्रीला कोणते काढायचे?

उत्तर : नांगी पाहून वाढ ठरवाल तर फसाल. वयात आल्यावर नराची नांगी बाकी शरीरापेक्षा वेगाने वाढते, त्यातही एक बाजू जास्त. मादीत तोच जोर पोटाखाली दुमडलेल्या पट्टीत जातो. लहानपणी अरुंद असलेली पट्टी रुंद होऊन जवळजवळ सगळं पोट झाकते. नराची अरुंदच राहते. म्हणून नर-मादीच्या नोंदी वेगळ्या ठेवा. एकत्र केल्यात तर सरासरीला काही अर्थ उरत नाही.

मोजायची ती पाठीच्या कवचाची सर्वांत रुंद जागा, व्हर्नियर कॅलिपरने (दोन सरकत्या जबड्यांत धरून रुंदी मोजायचं साधन), पाय सोडून. पाण्यातून काढलेला खेकडा फडक्याने टिपून मगच काट्यावर ठेवा.

रुंदी थोडी वाढली तरी वजन पुष्कळ वाढतं, कारण ते साधारण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात चालतं. ४ सेंमीचा मुठा २० ग्रॅमचा असेल, तर ५ सेंमीला ३९ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. ३० ग्रॅमच भरला तर तो उपाशी आहे, नुकती कात टाकलेला आहे किंवा त्याचा एखादा पाय नाहीतर नांगी गेलेली आहे. तुटलेली नांगी पुन्हा फुटते, पण आधी लहानच असते आणि पूर्ण व्हायला बहुधा एकाहून जास्त काती लागतात. असे खेकडे हिशेबात धरू नका.

खेकडा रोज थोडा थोडा वाढत नाही. कात टाकली की एकदम वाढतो. त्या वेळी अंग पाणी ओढून फुगतं, मांस मागाहून भरतं. पायांच्या मुळाशी पोटाकडून अंगठ्याने दाबून पाहा. कवच दबलं तर खेकडा अजून पोकळ आहे, विकू नका. वय वाढतं तसं दोन कातींमधलं अंतरही वाढतं, त्यामुळे मोठ्या मुठ्याची रुंदी दोन महिन्यांत हलली नाही म्हणून खाणं वाढवत बसू नका. उरलेलं खाणं कुजून पाणीच खराब होईल.

खरं नुकसान मऊ अवस्थेत होतं. टाकीतले दुसरे खेकडे त्याला खातात. फुटकी कौलं, पाइपचे तुकडे खेकड्यांच्या संख्येपेक्षा जास्तच टाका. टाकलेली कात लगेच उचलू नका. खेकडा ती खाऊन त्यातला चुना परत मिळवतो.

विक्रीला कडक कवचाचे, भरलेले नर आधी काढा. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांची अंडी थोडी आणि मोठी असतात. त्यांतून थेट पिल्लंच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतात. पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी कोणत्याही भावाला विकू नका, पाणी असलेल्या ओढ्यात किंवा खाचरात सोडा.