चिनी व्यापारी आणि चारचौघांतला मान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चीनमधल्या केचियाओहून पडद्यांचं कापड आयात करतो. मागच्या खेपेत निळ्या रंगाचे तागे मंजूर नमुन्यापेक्षा फिके निघाले. कारखान्याचे मालक आधी "काही अडचण नाही" म्हणाले होते. मी वीचॅटवरच्या आमच्या ग्रुपमध्ये फोटो टाकले आणि "तुम्ही मला फसवलंत" असं लिहिलं. त्या ग्रुपमध्ये त्यांचे कामगार आणि माझा एजंटही आहे. भरपाई लगेच मिळाली, पण तेव्हापासून उत्तरं गोड येतात आणि काम काही हलत नाही. माझी तक्रार खरी होती, मग बिनसलं कुठे?

उत्तर : तक्रार खरी होती, म्हणूनच भरपाई मिळाली. बिनसलं ते ग्रुपमध्ये कोण कोण होतं यामुळे. केचियाओत मी कापड व्यापाऱ्यांसाठी दुभाषी म्हणून काम करते, आणि असे रुसवे माझ्यासमोर वारंवार येतात. मालकाला चूक दाखवलेली चालते. हाताखालच्या माणसांदेखत दाखवलेली चालत नाही.

ज्याला तिथे मियान्झ म्हणतात तो मान कुणी स्वतःपुरता बाळगू शकत नाही. तो इतरांनी द्यायचा असतो आणि इतरांच्या देखतच जातो. हू श्येन-चिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1944 साली यावर एक निबंध लिहिला. पद, यश, ओळखी यांतून मिळणारा मान एका बाजूला, आणि माणूस सचोटीचा आहे हा लोकांचा विश्वास दुसऱ्या बाजूला, असे दोन भाग त्यांनी वेगळे काढले. या दुसऱ्या भागाला ल्यान म्हणतात. मान थोडाफार गेला तर पुन्हा कमावता येतो. ल्यान गेलं की समाजात वावरणंच कठीण होतं. फिक्या निळ्याच्या फोटोंनी मालकांचा मान दुखावला असता, एवढंच. "फसवलंत" या शब्दानं तुम्ही त्यांच्या सचोटीवर बोट ठेवलंत, तेही त्यांच्या कामगारांसमोर.

अशीच तक्रार घेऊन आलेल्या एका जुन्या व्यापाऱ्यांबरोबर मी एका कारखान्यात गेले होते. त्यांनी पिशवीतून दोन कापडी तुकडे काढले, खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाले, "यांना विचारा, आमच्या गोदामातल्या दिव्यांमुळे मला असं दिसतंय का?" मालकांनी तुकडे उचलले, उलटे करून पाहिले, पुन्हा खाली ठेवले. मग सगळ्यांच्या ग्लासांत चहाच्या पानांवर गरम पाणी ओतलं आणि मुलीच्या परीक्षेबद्दल बोलू लागले. बराच वेळ गेला. निघताना दाराशी ते सहज म्हणाले, "हा लॉट मी परत रंगवून देतो." चूक हा शब्द त्या खोलीत कुणीही उच्चारला नाही.

आता तुम्ही काय करावं? ग्रुपमध्ये माफी मागू नका. त्यानं जखम पुन्हा सगळ्यांसमोर उघडी पडेल आणि मालकांना मोठेपणा दाखवणं भाग पडेल. एखादी छोटी ऑर्डर द्या, माल चांगला आला की त्याच ग्रुपमध्ये फोटो टाका आणि मालकांचं नाव घेऊन कौतुक करा. मान गेला त्याच लोकांसमोर तो परत मिळू द्या. त्याआधी एजंटला एकट्याला त्यांच्याकडे पाठवा. मात्र एजंट शब्द टाकतो तेव्हा तो स्वतःचाही मान पणाला लावतो आणि मालकांच्या उपकाराखाली येतो. हे उपकार तिथे मनातल्या मनात मोजले जातात आणि कधीतरी फेडावे लागतात. त्यामुळे त्याला ऊठसूट मध्ये घालू नका. पुढे भेट झाली आणि मालकांनी जेवायला नेलं, तर ते बसवतील तिथे बसा. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची असते. तांदळाची शाओशिंग वाइन आली, तर प्याला भिडवताना तुमच्या प्याल्याची कड त्यांच्यापेक्षा खाली ठेवा. टेबलावरच्या प्रत्येकाला ते दिसतं.

या रीतीचे मी गोडवे गात नाही. केचियाओ ज्या शाओशिंग शहराचा भाग आहे, तिथेच जन्मलेले लेखक लू शून यांनी 1934 साली मियान्झवर एक बोचरा लेख लिहिला होता, आणि त्यांचा राग मला पटतो. मान राखण्याच्या नादात वाईट बातमी वेळेवर वर पोचत नाही. डाइंगवाल्याला उशीर झालेला असतो, मॅनेजरला ते ठाऊक असतं, पण मालकांना सांगायला कुणी धजत नाही, आणि नुकसान तुमच्या माथी येतं. म्हणून "वेळेत होईल ना?" असं विचारूच नका. त्याला होकाराशिवाय दुसरं उत्तर देणं त्यांना जड जातं. "रंगाई कोणत्या तारखेला सुरू होणार?" असं विचारा, आणि तेही खासगी मेसेजवर. तारखेऐवजी "बघू", "विचार करू" असं आलं, तर तो नकार समजा आणि दुसरी सोय बघा.

प्रश्न : माझी मुलगी हांगझोऊला शिकते. प्राध्यापक जेवायला नेतात, भरमसाट पदार्थ मागवतात आणि तिला बिलाला हात लावू देत नाहीत. तिला फार अवघडल्यासारखं होतं.

उत्तर : तिनं बिल देण्याचा आग्रह एकदा, फार तर दोनदा करावा आणि मग थांबावं. बोलावणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं बिल विद्यार्थिनीनं भरलं, तर मान त्यांचा जाईल. नंतर एखादी भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी. घड्याळ मात्र नको, ते तिथे अशुभ मानतात. वर्गमित्रांबरोबर ही अडचण नाही. तरुण मंडळी मोबाइलवरून सरळ आपापला वाटा देतात. उरलेल्या अन्नाचंही मनाला लावून घेऊ नये. टेबल रिकामं झालं तर यजमानांना आपणच कमी मागवलं असं वाटतं, म्हणून जास्त मागवायची जुनी सवय आहे. 2021 साली अन्नाची नासाडी रोखणारा कायदा आला, तेव्हापासून हॉटेलवालेही बेतानं मागवायला सुचवतात. उरलेलं बांधून न्यायला तिनं खुशाल हो म्हणावं.