विचारलं म्हणजे काहीतरी असणारच?

“उगाच कशाला विचारतील?” समुपदेशन करताना हे वाक्य माझ्यासमोर सतत येतं. साहेबांनी विचारलं, “कामात मन लागतंय ना?” म्हणजे नोकरी गेली. डॉक्टरांनी विचारलं म्हणजे आजार आहेच. पस्तिशीतल्या एका शिक्षिकेची नेहमीच्या तपासणीनंतर अशीच तीन आठवडे झोप उडाली होती.

“हृदयात दोष असण्याची शक्यता शंभरात किती वाटते?”

“नव्वद.”

“तपासणीआधी किती वाटत होती?”

“फार तर दोन.”

“मधे काय घडलं?”

ती थांबली. “तीन प्रश्न विचारले, मॅडम.”

आकडा मी असा मोकळाच विचारते, ‘पन्नासच्या वर?’ असं कधीच नाही. टवर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक प्रयोग मांडला होता. त्यात 10 किंवा 65 वर थांबणारं चाक फिरवून लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण या आकड्याहून जास्त की कमी? मग नेमका अंदाज मागितला. 10 पाहिलेल्यांचा मधला अंदाज आला 25 टक्के, 65 पाहिलेल्यांचा 45. चाकाला आफ्रिकेची काय माहिती? तरी प्रश्नातल्या आकड्याने अंदाज ओढून नेला.

म्हणून “काही नसतं हो, मनावर घेऊ नका” असा धीर देणं मला पुरेसं वाटत नाही. शिवाय काही प्रश्नांत खरीच बातमी असते, आणि ती नाकारली की माणूस आपलं पुढचं काहीच ऐकत नाही. आम्ही तिन्ही प्रश्न एका कसोटीवर घासले: आजार नसता, तरी हा प्रश्न आला असता का? किती सहज?

पहिला प्रश्न, “घरात कुणाला हृदयविकार?” हा फॉर्मवर छापलेलाच होता. आजारी असो वा धडधाकट, सगळ्यांना येतो. त्याने शक्यता तसूभरही हलत नाही.

दुसरा मात्र वेगळा. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप एकाच जागी दोनदा टेकवला, मग विचारलं, “जिना चढताना दम लागतो?” म्हणजे आधी काहीतरी कानावर पडलं होतं. कागदावर आकडे मांडले, सगळे मानलेले. अशा 1000 बायका घेऊ, त्यांतल्या 20 जणींना दोष. या 20 पैकी 15 जणींना तो प्रश्न येईल. उरलेल्या 980 पैकी दहा टक्क्यांना, म्हणजे 98 जणींनाही येईल, कारण निरोगी हृदयातही कधीकधी जादा आवाज ऐकू येतो. प्रश्न आला 113 जणींना, त्यांत दोष 15 जणींना. शंभरात साधारण 13.

त्या 13 भोवती तिने पेन्सिलने गोल केला, पुन्हा केला. “म्हणजे शक्यता वाढली. पण नव्वद नाही.” आणि मग स्वतःहून, हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, “इको करून घ्यायला हवा.”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं तर ती घाबरली असती. तीन आठवडे ती इकोच टाळत होती, कारण नव्वद धरून बसलेल्याला तपासणी म्हणजे निकाल वाटतो. तेरा मानणारा नुसती वेळ ठरवतो. अंदाज बरोबर झाला की भीती आपोआप आपल्या मापात येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तिसरा प्रश्न मोठ्या बहिणीचा. रोज फोनवर, “छातीत दुखत नाही ना?” तीन आठवड्यांत वीसेक वेळा. प्रत्येक फोनसरशी आकडा चढत गेला होता.

“ताईला हे कळलं कुणाकडून?”

“माझ्याकडूनच.”

म्हणजे स्वतःचीच काळजी वीस वेळा परत आली होती, नवी बातमी एकदाही नाही. हा हिशेब मी अनेकांकडून करून घेते: विचारणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा वेगळी माहिती आहे का? नसेल, तर कितीही वेळा विचारलं तरी बेरीज शून्य. ओळखता येत नसेल तर सरळ विचारावं, “काही आढळलं म्हणून विचारताय, की सगळ्यांनाच विचारता?” डॉक्टरांना हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

पुढच्या भेटीला ती आली तेव्हा इकोची तारीख ठरली होती. ताईचा फोन अजून रोज येत होता. “तुला काही दिसलं का गं, की काळजी वाटते म्हणून?” ती आता उलट विचारते. ताई म्हणते, “काळजी वाटते म्हणून.” आणि मग दोघी दुसरं काहीतरी बोलतात.