मराठी शब्दाचे मूळ आद्य-भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन आदींची अनुमानित समान पूर्वज भाषा) धातूपर्यंत कसे न्यावे? तारांकित रूपे, म्हणजे कोठेही लिहिलेली न सापडलेली, तुलनेवरून अनुमानलेली आणि म्हणून * ही खूण लावलेली रूपे, हा कल्पनाविलास नाही कशावरून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. मराठीकडून प्राकृताकडे आणि तेथून संस्कृताकडे जावे, त्यासाठी टर्नर यांचा १९६६ सालचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश हाताशी ठेवावा, आणि संस्कृत रूप निश्चित झाल्यावरच ग्रीक-लॅटिनकडे वळावे. आपला दुसरा प्रश्न मात्र माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे.

एका अभ्यासमंडळात मी 'चाक' या शब्दावर टिपण वाचत होतो. चाक, त्यामागे प्राकृत चक्क, त्यामागे चक्र, आणि त्याच्याही मागे 'फिरणे' या अर्थाच्या *क्वेल् धातूचे द्विरुक्त (आरंभीचे व्यंजन दोनदा येणारे) रूप *क्वेक्व्लो-. याच धातूपासून संस्कृत 'चरति' व मराठी 'चरणे', आणि याच धातूपासून लॅटिन 'कोलेरे', ज्यातून पुढे 'कल्चर' आले. इथवर येतो न येतो तोच व्याकरणाचे एक ज्येष्ठ अभ्यासक उठून म्हणाले, "चक्र संस्कृतात आहे, तेवढे पुरे. जो शब्द कोणी ऐकलाच नाही, त्याला तारा लावून संस्कृताच्या डोक्यावर कशाला बसवता?" टाळ्या अर्थातच त्यांना मिळाल्या.

मी विचारले, एकच व्यंजन दोनदा आले असेल तर आधी च आणि नंतर क कसा? त्यांनी तत्काळ पाणिनीचे 'कुहोश्चुः' हे सूत्र म्हटले: द्विरुक्तीच्या पहिल्या अवयवात क-वर्गाचा च-वर्ग होतो, म्हणून चकार, जगाम. सूत्र बिनचूक आहे. परंतु काय घडते ते ते सांगते, का घडते ते सांगत नाही, आणि पाणिनीला त्याची गरजही नव्हती. कारण उलगडले ते १८७० च्या दशकात. जेथे मुळात पुढे ए किंवा इ यांसारखा स्वर होता, तेथे संस्कृतात क चा च झाला. 'आणि' या अर्थाचा संस्कृत 'च' आणि लॅटिन '-क्वे' शेजारी ठेवून पाहावेत. द्विरुक्तीतला ए तर ग्रीक 'लेलोइपा' या द्विरुक्त क्रियारूपामध्ये स्पष्ट उभा आहे. म्हणजे संस्कृताच्या पूर्वरूपातही तो ए होता, त्याने क चा च केला आणि मग तो स्वतः अ मध्ये विरून गेला. चक्रातील दुसऱ्या व्यंजनापुढे ए नव्हता, म्हणून तो क राहिला. संस्कृतच मूळ मानले, तर एकाच अ चे लॅटिनमध्ये कोठे ए, कोठे ओ, कोठे अ का झाले, याचा नियम कोणालाही देता येत नाही.

'कोणी ऐकला' या आक्षेपालाही उत्तर आहे. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १८७९ मध्ये निव्वळ स्वरांच्या हिशेबावरून काही लुप्त ध्वनी गृहीत धरले होते. पुढे हित्ती ही प्राचीन भारोपीय भाषा वाचता येऊ लागली आणि १९२७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी तसा ध्वनी तेथील लेखनात दाखवून दिला.

एक सांगायचे राहिले. केवळ उच्चारसाम्य हा पुरावाच नव्हे: फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा परस्परांशी संबंध नाही, तर आर्मेनियन 'एर्कु' (दोन) आणि आपला 'द्वि' सख्खे आहेत. शिवाय तारांकित रूप म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे, आणि मराठीतील देशी वा द्राविडी शब्दांची वाट भारोपीयाकडे जातच नाही, तेव्हा तेथे ओढाताण करू नये. आपल्यालाही असे कोणी भेटले, तर आधी त्यांना 'कुहोश्चुः' म्हणायला लावावे आणि मग 'का?' एवढेच विचारावे. माझ्या त्या प्रश्नाला अद्याप उत्तर आलेले नाही.