तेलगळती: आधी शोध, मग पाना

भाऊ, तुझ्या सॅन स्टॉर्म गाडीखाली तेलाचा डाग दिसला म्हणून लगेच चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची टाकी, खोलायला घेऊ नकोस. तेल वरून खाली ओघळतं. थंड इंजिन धुऊन कोरडं कर, धुळ्याहून पारोळ्यापर्यंत एक चक्कर मार आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोध. बहुधा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंगच (सांध्यातली रबरी पट्टी) निघेल. इंजिनच्या उष्णतेनं ते रबर कडक होतं.

काम पहाटे कर. आपल्याकडे वैशाखात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नाही, शिवाय वाऱ्यासोबत धूळ उघड्या इंजिनात जाते. स्वच्छ सुती कापड झाकायला ठेवच.

जुनं पॅकिंग ॲल्युमिनियमवरून लोखंडी पात्यानं खरवडू नकोस. एक ओरखडा पडला की नवीन पॅकिंगही गळणार. प्लास्टिकची पट्टी वापर, वेळ लागू दे. सिलिकॉन फक्त मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथेच, तेही थेंबभर; जास्तीचं आत सुटून तेलाची जाळी तुंबवतं.

बोल्ट टॉर्क पान्यानंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), थोडे थोडे आवळ. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइपही साफ कर. तो तुंबला असेल तर आतला दाब नवं पॅकिंगही फोडून बाहेर येतो. हेडचं (सिलिंडरवरच्या मुख्य भागाचं) पॅकिंग मात्र पहिल्यांदा एकट्यानं करू नकोस, मला बोलव.