क्राऊन-पिनियन बदलू का?

प्रश्न : काका, नमस्कार. माझी दहा टायरची गाडी सोयाबीनची पेंड घेऊन मुंबईला जाते आणि येताना जालन्याहून सळई भरून आणते. बिजासन घाटात आणि खलघाटानंतर माळव्याच्या चढावर गाडी फार दमते. मिस्त्री म्हणतात, मागच्या अ‍ॅक्सलमधली क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी ७/४१ ची काढून ६/४१ ची टाका, ओढ वाढेल. खरंच वाढेल का? अ‍ॅव्हरेज किती पडेल?
– एक ट्रकमालक, पालदा, इंदूर

उत्तर : ओढ वाढेल, मिस्त्रींचं म्हणणं खरं आहे. ७ दातांच्या पिनियनवर ४१ दातांचा क्राऊन असला की चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा दांडा, ५.८६ वेळा फिरतो. पिनियन ६ दातांचा केला की ६.८३ वेळा. त्याच इंजिनवर, त्याच गिअरमध्ये चाकाला साधारण १७ टक्के जास्त जोर मिळतो. भरली गाडी चढावर उभी राहिली आणि तिथून उचलायची असली, की हा जोर कामाला येतो, क्लचही वाचतो.

पण घाट लवकर चढेल असं समजू नका. क्राऊन-पिनियनने इंजिनची अश्वशक्ती वाढत नाही. समजा इंजिन १८० अश्वशक्तीचं आहे, गाडीचं एकूण वजन २८.५ टन आहे आणि रस्ता दर १०० मीटरला ५ मीटर चढतो. मधल्या गिअरांत जाणारी शक्ती वजा केली तर अशी गाडी ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच चढणार, मागे ७/४१ असो वा ६/४१. आज ड्रायव्हर जिथे दुसरा गिअर टाकतो, तिथे उद्या कदाचित तिसरा चालेल, एवढंच.

म्हणून आधी ड्रायव्हरशेजारी बसून एकदा घाट चढून या. खालचा गिअर हाताशी असताना तो वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबत तर नाही ना? एअर फिल्टर, टर्बोचे होज, क्लचची घसरण, चिकटून चालणारे ब्रेक हेही तपासून घ्या. पूर्वीपेक्षा मोठे टायर टाकले असतील तर ओढ तिथेच गेली असेल. एवढं करूनही पहिल्या गिअरमध्ये गाडी अडत असेल, तरच क्राऊन-पिनियनचं हाउसिंग उघडा.

कारण तुमचा बराचसा रस्ता घाटाचा नाहीच. १०.०० X २० चा टायर एका फेरीत सुमारे ३.२ मीटर जातो. टॉप गिअर डायरेक्ट असेल, म्हणजे त्यात इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरत असतील, तर ताशी ६० ला आज इंजिन १८३० आरपीएमवर फिरतं, बदलल्यावर २१३५ वर फिरेल. शिरपूर-धुळ्याच्या सपाट रस्त्यावर तासन्‌तास हे चालणार, आणि डिझेल तिथेच जाईल. किती, ते तुमच्या वेगावर ठरेल. तुमच्या फेऱ्यांचा विचार करता मी ७/४१ च ठेवीन. खाणीवरच्या टिपरला मात्र ६/४१ बिनदिक्कत सुचवीन.

उताराचं फार काळजीने सांगतो. ६/४१ मध्ये त्याच गिअरला इंजिन गाडीला जास्त रोखून धरतं, हे खरं. पण त्या भरवशावर ड्रायव्हरला वरच्या गिअरमध्ये उतरू देऊ नका, आणि न्यूट्रल तर कधीच नाही. आपल्याच रस्त्यावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन किती संसार उघडे पडले, हे आपण इंदूरकर जाणतो. ओढ वाढली म्हणून सळईही जास्त भरू नका. आरसीवरचं वजन तेवढंच राहतं, आणि ब्रेकही तेच.

बदलायचंच ठरलं, तर क्राऊन आणि पिनियन एकाच जोडीचे घ्या. ते कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात, एक जुना आणि एक नवा चालत नाही. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही जुळवून घ्या. नाहीतर गाडी ६० ने धावताना काटा ७० दाखवेल आणि किलोमीटरही जास्त पडतील, मग अ‍ॅव्हरेजचा हिशोब लागणार नाही.